मुद्रांक शुल्क ‘वाचवून देतो’ म्हणणाऱ्याच्या कागदावर सही करण्याआधी

घराचा सौदा ठरतो, बँकेचं मंजुरीपत्र येतं, आणि मुद्रांक शुल्काचा आकडा पाहून पोटात गोळा येतो. नेमका याच वेळी कुणीतरी भेटतो. कधी एजंट, कधी विक्रेत्याच्या ओळखीतला ‘सल्लागार’, तर कधी ‘आमच्याकडे सगळे असंच करतात’ म्हणणारा नातेवाईक. लाख-दीड लाख सहज वाचतील, कागद असा करू, नाव तसं टाकू, आपला माणूस आत आहे, असं तो सांगतो. बोलणं इतकं सराईत असतं की आपणच काहीतरी जास्त भरतोय असं वाटायला लागतं.

हा लेख महाराष्ट्रातल्या खरेदीदारासाठी आहे. दुसऱ्या राज्यात दर, सवलती आणि कलमं वेगळी असतात. असा प्रस्ताव समोर आला तर काय क्रमाने तपासायचं, शुल्क खरंच कुठे वाचतं, आणि आधीच असा व्यवहार करून बसला असाल तर काय करायचं, ते इथे सांगतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. खरेदीच्या दस्तावरचं शुल्क भरण्याची जबाबदारी सर्वसाधारणपणे खरेदीदाराची असते. युक्ती विकणारा आपली फी घेऊन बाजूला होतो, विक्रेता पैसे घेऊन मोकळा होतो, आणि कमी मुद्रांकाचा दस्त तुमच्या कपाटात राहतो. नोटीस येते ती तुमच्या नावाने, व्याजासारखा वाढत जाणारा दंडही तुमचाच.

पायरी १: आधी खरा आकडा स्वतः काढा

किती शुल्क लागतं हे माहीत नसेल तर ‘किती वाचलं’ हे कळायला मार्ग नाही. शुल्क करारातल्या किमतीवर किंवा वार्षिक मूल्यदर तक्त्यानुसार निघणाऱ्या बाजारमूल्यावर लागतं. यातली जी रक्कम जास्त असेल ती धरतात. या तक्त्यालाच आपण रेडी रेकनर म्हणतो. तो नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर गाव, विभाग आणि सर्व्हे किंवा सिटीएस (शहरी भूमापन) क्रमांकानुसार पाहता येतो. दर पाहताना मजला, बांधकामाचं वय आणि क्षेत्रफळ कोणतं धरलंय, कार्पेट (भिंतींच्या आतलं) की बिल्ट-अप (भिंती धरून), हे नीट बघा. निम्मे गोंधळ इथेच होतात.

दर ठिकाणानुसार बदलतात. मुंबईत अधिभारासह ६ टक्के आणि पुणे, ठाणे यांसारख्या शहरांत ७ टक्के हा सध्याचा ढोबळ हिशोब. फक्त स्त्रीच्या किंवा स्त्रियांच्या नावे निवासी घर घेतलं तर १ टक्का सवलत. नोंदणी फी १ टक्का, पण जास्तीत जास्त ३०,००० रुपये.

पुण्यातला ९० लाखांचा फ्लॅट धरा. तक्त्यानुसार त्याचं मूल्य ७० लाख निघतं. शुल्क ९० लाखांवर ७ टक्के म्हणजे ६,३०,००० आणि नोंदणी फी ३०,०००. हा कागद जवळ ठेवा. एजंटचा प्रत्येक दावा यावर घासून बघायचा आहे.

पायरी २: सांगितलेली युक्ती कोणत्या जातीची आहे ते ओळखा

नावं नवीन असतात, पण युक्त्या मोजक्याच आहेत. कोणती आपल्यापुढे आली आहे हे ओळखलं की अर्धं काम झालं.

नोटरी, कुलमुखत्यारपत्र आणि ‘नंतर करू’वाले कागद

सगळ्यात जुनी आणि अजूनही सगळ्यात जास्त चालणारी युक्ती म्हणजे नोटरी. ५०० रुपयांच्या बाँडवर साठेखत (पुढे खरेदी-विक्री करू असा करार), त्यावर नोटरीचा शिक्का, सोबत विक्रेत्याचं कुलमुखत्यारपत्र (त्याच्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार देणारा कागद), आणि आग्रह धरलाच तर त्याचं मृत्युपत्रही. शहरांच्या कडेला प्लॉट पाडून विकणाऱ्यांकडे हा संच तयारच असतो. ताबा मिळतो, वीजमीटर लागतो, घरपट्टीही सुरू होते, त्यामुळे माणूस निर्धास्त होतो.

आता एकेक कागद बघू. महाराष्ट्रात ज्या साठेखताने ताबा दिला जातो किंवा द्यायचं कबूल केलं जातं, त्यावर खरेदीखताइतकंच शुल्क लागतं. ‘हे फक्त साठेखत आहे’ हा बचाव त्यामुळे सुरुवातीलाच गळून पडतो. मोबदला घेऊन दिलेल्या, विक्रीचा अधिकार असलेल्या कुलमुखत्यारपत्रावरही खरेदीखताच्याच दराने आकारणी होते. नाममात्र शुल्काची सोय आहे ती पैसे न घेता जवळच्या नात्यात दिलेल्या मुखत्यारपत्राला. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. १०० रुपयांहून जास्त मूल्याच्या स्थावर मालमत्तेच्या विक्रीला १९०८ च्या नोंदणी कायद्याने नोंदणी सक्तीची आहे.

यावर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट निकाल दिला. साठेखत, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र यांच्या जोरावर मालकी हक्क जात नाही; त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच लागतं. मृत्युपत्राचं तर हसू येतं. विक्रेता ते उद्या बदलू शकतो आणि तुम्हाला कळणारही नाही. मुखत्यारपत्र सामान्यतः देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपतं. मग त्याची मुलं दारात उभी राहतात, सातबाऱ्यावर वारसनोंद त्यांची होते, आणि तुमच्याकडे असतो तो शिक्का मारलेला बाँड.

किंमत कमी दाखवा, उरलेले रोख द्या

ही शहरी युक्ती. वरच्या फ्लॅटचा करार ९० ऐवजी ७० लाखांचा करायचा आणि २० लाख रोख द्यायचे. ‘रेकनर ७० आहे, कुणी विचारणार नाही.’ शुल्क वाचतं ते २० लाखांचं ७ टक्के, म्हणजे १ लाख ४० हजार. एजंट इथे थांबतो. आपण पुढे मोजू.

बँक कर्ज देते ते करारातल्या किमतीवर. ८० टक्के कर्ज धरलं तर ९० लाखांवर ७२ लाख मिळाले असते आणि घरातून १८ लाख घालावे लागले असते. ७० लाखांवर ५६ लाख मिळतात. घरातून १४ लाख आणि वर २० लाख रोख, म्हणजे एकूण ३४ लाख उभे करायचे. १ लाख ४० हजार वाचवण्यासाठी स्वतःचे १६ लाख जास्त गुंतवायचे, हा कुठला हिशोब?

आता विक्रीचा दिवस बघा. तुमची खरेदी किंमत कागदावर ७० लाखच आहे. दिलेले २० लाख कुठेच नसल्यामुळे तेवढा नफा जास्त दिसतो. दीर्घकालीन भांडवली नफ्यावरच्या साडेबारा टक्के दराने २ लाख ५० हजार कर, वर उपकर. म्हणजे १ लाख ४० हजार वाचवून अडीच लाखांहून जास्त भरायचे. यातून सुटायचं तर पुढच्या खरेदीदाराकडूनही रोखच मागावी लागते, आणि मग तुम्हीच त्या साखळीचा भाग होता.

व्यवहार फिसकटला तर आणखी वाईट. बिल्डरने ताबा लांबवला आणि तुम्ही महारेराकडे (बांधकाम प्रकल्पांवरच्या राज्याच्या नियामकाकडे) गेलात, तर परतावा आणि व्याज कराराच्या व नोंद असलेल्या रकमेवर मिळतं. रोख दिलेले २० लाख सिद्ध कशाने करणार? स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड आयकर कायद्यात आहे, आणि देणाऱ्याला ते पैसे आणले कुठून हे सांगावं लागतं. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायालयांना आणि निबंधकांना निर्देश दिले की दाव्यात किंवा दस्तात २ लाख किंवा त्याहून अधिक रोख दिल्याचं आलं, तर आयकर विभागाला कळवायचं. तेव्हा ‘मी रोख दिले होते’ म्हणून कोर्टात जाण्याचीही आता चोरी झाली आहे.

उलट बाजूही माहीत असू द्या. करार रेडी रेकनरच्या खाली केला तर शुल्क वाचतच नाही, ते तक्त्यानुसारच लागतं. तक्त्यातलं मूल्य ८० लाख आणि करार ६५ लाखांचा असेल, तर १५ लाखांचा फरक आयकर कायदा चालवून घेतो त्या १० टक्क्यांच्या मर्यादेबाहेर जातो आणि ते सगळे १५ लाख आयकरात तुमचं उत्पन्न धरले जाऊ शकतात. विक्रेत्याचा नफाही तक्त्याच्या मूल्यावर मोजला जातो. ३० लाख आणि त्यावरच्या खरेदी-विक्रीची माहिती निबंधक कार्यालयातून आयकर विभागाकडे जातेच.

दस्त फोडणे

९० लाखांचा करार ७० आणि २० असा मोडायचा. ७० लाख फ्लॅटचे, २० लाख ‘फर्निचर आणि सुविधांचे’, दुसरा करार साध्या कागदावर. घरात खरोखरच महागडं, उचलून नेता येईल असं सामान असेल आणि त्याची वाजवी किंमत वेगळी ठरली असेल, तर वेगळा करार होऊ शकतो. पण रिकाम्या फ्लॅटच्या भिंतींना २० लाखांचं फर्निचर म्हणणं हा विनोद आहे. पार्किंग, लिफ्ट, क्लबहाउस हे ‘फर्निचर’ होत नाही. दोन्ही करारांची तारीख, पक्षकार आणि धनादेश एकाच सौद्याचे असले की ते एकत्र वाचायला अधिकाऱ्याला फार कष्ट पडत नाहीत.

बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र आणि उसनं नाव

इथे सावध राहायचं कारण वेगळं आहे. या सवलती खऱ्या आहेत, म्हणूनच त्यांचा गैरवापर पटकन पटतो. निवासी किंवा शेतीची मालमत्ता पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मृत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क २०० रुपये, आणि शहरानुसार अधिभार. वडिलोपार्जित मालमत्तेतला हिस्सा ठराविक नात्यांत मोबदला न घेता सोडला तर हक्कसोडपत्रावरही नाममात्र शुल्क.

कळीची अट आहे ‘मोबदला न घेता’. भावाकडून २५ लाख घ्यायचे आणि कागदावर ‘प्रेमापोटी हक्क सोडत आहे’ लिहायचं, ही विक्रीच झाली. बँकेच्या खात्यात त्या आठवड्यात आलेले २५ लाख ‘प्रेमा’विषयी बरंच काही सांगतात. भाऊ-बहिणीला बक्षीस दिल्यास २०० रुपयांची सवलत लागू होत नाही, तिथे ३ टक्के दर आहे, हेही अनेक दस्तलेखक सांगायचं विसरतात.

१ टक्का सवलतीसाठी वहिनीच्या किंवा मावशीच्या नावावर घर घ्या, असा सल्लाही ऐकायला मिळतो. पैसे तुमचे, नाव दुसऱ्याचं, असा व्यवहार बेनामी ठरू शकतो. स्वतःच्या ज्ञात उत्पन्नातून पत्नी किंवा मुलांच्या नावे घेण्याला कायद्यात सूट आहे, मावशीला नाही. बेनामी ठरलं तर मालमत्ता सरकारजमा होऊ शकते, एक ते सात वर्षांची सक्तमजुरी आणि बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. एका टक्क्यासाठी हे!

कोर्टाचा हुकूमनामा, भागीदारी, एलएलपी

मोठ्या जमिनींच्या व्यवहारात हे सुचवलं जातं, आणि सूट-बूट घातलेली माणसं सुचवतात म्हणून ते जास्त भारदस्त वाटतं. एक म्हणजे खोटाच दावा लावून तडजोडीचा हुकूमनामा घ्यायचा, म्हणजे दस्त करायलाच नको. पण महाराष्ट्राच्या मुद्रांक कायद्यातल्या अभिहस्तांतरणाच्या (मालमत्ता दुसऱ्याच्या नावे करून देण्याच्या) व्याख्येत दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामाही आहे, आणि संमतीच्या हुकूमनाम्याने मालमत्ता हस्तांतरित होत असेल तर शुल्क लागतं हे सर्वोच्च न्यायालयाने रूबी सेल्स खटल्यात सांगितलेलं आहे. दुसरं म्हणजे जमीन भागीदारी फर्ममध्ये किंवा एलएलपीमध्ये (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीत) भांडवल म्हणून आणायची आणि मूळ मालकाने रोकड घेऊन निवृत्त व्हायचं. भागीदाराने भांडवल मालमत्तेच्या रूपात आणलं तर त्यावर अभिहस्तांतरणाच्या दराने आकारणीची तरतूद कायद्यात आहेच.

माफीचं पत्र आणि स्वस्तातलं चलन

‘या प्रकल्पाला शुल्कमाफी आहे’ असं सांगून एखादं पत्र दाखवलं जातं. माफी असते ती शासनाच्या आदेशाने, ठराविक कामासाठी आणि ठराविक अटींवर. पत्र पाहून नव्हे, मूळ आदेश वाचून आणि मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून, म्हणजे शुल्क ठरवणाऱ्या अधिकाऱ्यांकडून, खात्री करून घेऊनच पुढे जायचं. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्यातल्या मुंढव्याच्या जमिनीच्या सुमारे ३०० कोटींच्या व्यवहारात फक्त ५०० रुपये मुद्रांक शुल्क भरल्याचं प्रकरण गाजलं. त्यात दुय्यम निबंधक निलंबित झाले आणि विभागाने कोट्यवधींच्या शुल्काची मागणी केली. दस्त नोंदला गेला म्हणजे सवलत पक्की झाली, असं नसतं हे त्यातून सगळ्यांनी पाहिलं.

बनावट मुद्रांकांचं तेलगी प्रकरण जुनं झालं, पण त्याचं धाकटं भावंड अजून आहे. ‘शुल्काचे पैसे माझ्याकडे द्या, मी चलन काढतो’ म्हणणारा एजंट कमी रकमेचं, दुसऱ्याच्या नावचं किंवा आधीच वापरलेलं चलन जोडू शकतो. उपाय साधा आहे. शासनाच्या ग्रास प्रणालीवर पैसे स्वतःच्या खात्यातून भरा, चलनावर खरेदीदाराचं नाव आणि मालमत्तेचा तपशील बरोबर आहे का पाहा, आणि चलनावरचा जीआरएन (सरकारी पावती) क्रमांक टाकून चलन पडताळा. नोंदणीनंतर ते ‘डिफेस’ झालं का, म्हणजे वापरलं गेल्याची नोंद पडली का, हेही बघून घ्या.

जुन्या तारखेचा मुद्रांक मिळवून देतो म्हणणाऱ्याशी तर बोलणंच थांबवा. मुद्रांक खरेदीपासून सहा महिन्यांत वापरावा लागतो, आणि मागची तारीख टाकून केलेला दस्त हा बनावट दस्ताचा फौजदारी विषय होतो.

पायरी ३: पकडलं कधी जातं, ते समजून घ्या

नोंदणीच्या दिवशी काही झालं नाही, म्हणजे सुटलो, असा समज असतो. मूल्य कमी दाखवल्याचा संशय आला तर मुद्रांक जिल्हाधिकारी नोंदणीपासून १० वर्षांपर्यंत स्वतःहून किंवा मिळालेल्या माहितीवरून दस्त मागवून तपासू शकतात. ती माहिती बऱ्याचदा भांडलेला भाऊ, नाराज शेजारी किंवा कमिशन बुडालेला तोच एजंट पुरवतो. महालेखापालांच्या तपासणीतही जुने दस्त वर येतात.

पण बहुतेक वेळा कुणी पकडत नाही, गरज पकडते. विकायला काढलं की समोरच्याचा वकील साखळीतले सगळे दस्त मागतो. घरावर कर्ज काढायचं असलं की बँकेचा शोध अहवाल येतो. मालकाच्या मृत्यूनंतर वारसांना नावं लावायची असतात. आणि कोर्टात गेलात, तर मुद्रांक कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे कमी मुद्रांकाचा दस्त पुराव्यात घेतला जात नाही. तो आपोआप रद्दबातल होत नाही, तूट आणि दंड भरला की पुराव्यात येऊ शकतो. पण तुम्हाला ताबडतोब मनाईहुकूम हवा असताना तुमचा मुख्य कागद जप्त होऊन मुद्रांक कार्यालयात पडलेला असतो. झेरॉक्स दाखवून काम भागत नाही.

दंडाचा वेग लक्षात ठेवा: कमी पडलेल्या शुल्कावर दरमहा २ टक्के, कमाल तुटीच्या चौपट. तूट ३ लाखांची आणि आठ वर्षं उलटली तर ९६ महिन्यांचे १९२ टक्के, म्हणजे ५ लाख ७६ हजार दंड. मूळ तुटीसह ८ लाख ७६ हजार. वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होते. शुल्क बुडवण्याचा हेतू सिद्ध झाला तर कलम ५९ खाली एक ते सहा महिन्यांची सक्तमजुरी आणि ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. दंडाची रक्कम किरकोळ वाटते, पण कैदेला ‘किमान एक महिना’ अशी तळाची मर्यादा आहे.

पायरी ४: सल्लागाराला समोर बसवून विचारा

भांडायची गरज नाही. शांतपणे काही गोष्टी मागा. शुल्क कोणत्या अनुच्छेदाखाली आणि किती बसतं हे तुमच्या लेटरहेडवर, सहीनिशी लिहून द्याल का? पाच वर्षांनी तुटीची नोटीस आली तर तुमची जबाबदारी काय? तुमची फी ठरलेली आहे, की ‘वाचेल त्यातला वाटा’? वाट्यावर काम करणाऱ्याला जास्त वाचवण्यात रस असतो, तुमचा दस्त टिकण्यात नाही.

यानंतरचा प्रश्न माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा: हा मसुदा आपण मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांपुढे अभिनिर्णयासाठी, म्हणजे किती शुल्क लागतं ते अधिकृतपणे ठरवून घेण्यासाठी, ठेवूया का? युक्ती खरंच कायद्यात बसत असेल तर त्याला हरकत नसावी. ‘तिकडे कशाला जायचं, उगाच विचारायला लागतात’ असं उत्तर आलं की तुमचं काम झालं. ‘कुणाला बोलू नका’, ‘बँकेला वेगळा कागद दाखवू’, ‘आजच सही करा, सोमवारपासून दर वाढतायत’ ही वाक्यंही त्याच घराण्यातली.

सल्ला घ्यायचा तो स्वतःच्या वकिलाकडून. विक्रेत्याच्या किंवा एजंटच्या वकिलाने ‘दोघांचंही बघतो’ म्हटलं तरी नको.

पायरी ५: कायद्याने वाचतं तेवढं जरूर वाचवा

शुल्क कमी करणं गुन्हा नाही. कायद्यातली सवलत घेणं हा तुमचा हक्क आहे. स्त्रीच्या एकटीच्या नावे निवासी घर घेतलं तर १ टक्का वाचतो. पतीचं नाव जोडलं की सवलत जाते. पूर्वी असं घर १५ वर्षं पुरुषाला विकता येत नसे, ती अट २०२३ मध्ये काढून टाकली. मात्र आधी कर्जाचं गणित जुळवा: हप्ता पती भरणार आणि घर पत्नीच्या एकटीच्या नावे, तर हप्त्यावरची आयकर वजावट पतीला मिळणार नाही. कधीकधी तो तोटा १ टक्क्यापेक्षा मोठा निघतो.

बिल्डरकडून गुंतवणूक म्हणून फ्लॅट घेऊन पुढे विकायचा असेल, तर करारात गुंतवणूकदार म्हणून उल्लेख असल्यास तीन वर्षांच्या आतल्या पुनर्विक्रीत आधी भरलेलं शुल्क समायोजित होतं. ही मुदत आधी एक वर्ष होती, २०२२ मध्ये वाढवली. हा उल्लेख पहिल्या करारातच लागतो, मागाहून घालता येत नाही.

साठेखतावर पूर्ण शुल्क भरलं असेल तर त्याच व्यवहाराच्या खरेदीखतावर पुन्हा पूर्ण शुल्क लागत नाही. साठेखताचा दस्त क्रमांक खरेदीखतात नमूद करा. आयकराची जुनी पद्धत निवडली असेल तर शुल्क आणि नोंदणी फी दीड लाखांच्या एकत्रित वजावटीत बसते, त्याच वर्षी. आणि सरकार अधूनमधून दरच कमी करतं. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये शुल्क ३ टक्क्यांनी उतरवलं होतं. पण अशा सवलतीची वाट पाहत सौदा अडवून ठेवू नये, तोवर किमती थांबत नाहीत.

पायरी ६: शंका असेल तर अभिनिर्णय

कलम ३१ खाली मसुदा किंवा दस्त मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे नेऊन ‘यावर किती शुल्क?’ असं विचारता येतं. हे पद सह जिल्हा निबंधकांकडे असतं. सही होण्याआधी जाणं उत्तम; सही झाली असेल तर एका महिन्याच्या आत. मसुदा, मालमत्तेचे कागद, नकाशा, आणि घराचं मूल्य खरंच तक्त्यापेक्षा कमी असण्याची कारणं, उदाहरणार्थ जुना भाडेकरू, रस्त्यात जाणारा भाग, पडायला आलेली इमारत, हे सगळं पुराव्यानिशी जोडा. ठरलेलं शुल्क भरलं की कलम ३२ चं प्रमाणपत्र दस्तावर मिळतं. वरिष्ठांना सहा वर्षांपर्यंत फेरतपासणीचा अधिकार असला तरी या शेऱ्याइतकं भक्कम संरक्षण कुठलाही एजंट देऊ शकत नाही. वेळ लागतो, खेपा पडतात, हे खरं. पण मोठ्या किंवा गुंतागुंतीच्या व्यवहारात तो वेळ द्यावा.

पायरी ७: आधीच असा व्यवहार झाला असेल तर

घाबरून कागद फाडू नका, आणि नवा जुन्या तारखेचा कागद तर मुळीच करू नका. सगळे मूळ दस्त, पावत्या, बँक नोंदी, वीजबिलं, घरपट्टीच्या पावत्या एकत्र करा. दस्ताच्या तारखेचा रेडी रेकनर काढून तूट किती ते मोजा. मग वकिलाबरोबर स्वतःहून मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे जा. दरमहा २ टक्के चढत असताना थांबण्यात काहीच फायदा नाही.

नोंदणीची मुदत सहीपासून चार महिने, आणि दंड भरून आणखी चार. ती उलटली असेल, पण विक्रेता हयात आणि राजी असेल, तर त्याच्याकडून नव्याने दस्त करून नोंदवणं हाच सरळ रस्ता. यासाठी त्याला थोडेफार पैसे मोजावे लागले तरी मोजा. त्याच्या वारसांशी तडजोड करणं याहून कितीतरी महाग पडतं. तो नकार देत असेल तर दावा लावण्याची मुदत संपत आली आहे का, हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा.

अभय योजनेची चौकशीही करून ठेवा. डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या योजनेत १९८० ते २०२० मधल्या दस्तांच्या तुटीवर आणि दंडावर मोठी सूट होती. त्यातही १९८० ते २००० मधल्या, १ लाखापर्यंत तूट असलेल्या दस्तांना शुल्क आणि दंड दोन्ही माफ होते. ती २०२४ मध्ये संपली. साध्या कागदावर केलेल्या, कोणताच मुद्रांक नसलेल्या दस्तांना तिचा लाभ नव्हता. पुन्हा अशी योजना आली तर अर्जाला लागणारी कागदपत्रं साधारण वरचीच असतील, तेव्हा फाइल तयार असू द्या, आणि तोवर त्या घरावर नवं बांधकाम किंवा मोठा खर्च करू नका.